भिंत हद्द सांगते की इतिहास? बेलफास्टच्या भिंती आणि आपले चौक

अकोल्यात नवख्या माणसालाही कोणती वस्ती कुणाची हे विचारावे लागत नाही. मोर्णा नदीच्या अलीकडे असो की पलीकडे, झेंड्याचा रंग, चौकातला फलक आणि भिंतीवरचे चित्र पाहिले की कळते. एका गल्लीत निळ्या भिंतीवर बाबासाहेब आणि अशोकचक्र, पुढे भगवी कमान, त्यापुढे हिरव्या पताका. अमरावतीत, अकोटात, मूर्तिजापुरातही हेच चित्र आहे. रोज पाहून आपल्याला त्याचे काही वाटत नाही.

पण १३ मे २०२३ च्या रात्री एका सोशल मीडिया पोस्टवरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली. एकाचा जीव गेला, जमावबंदी लागली. अशा रात्री भिंतीवरचा रंग म्हणजे पत्ताच होतो. या गल्लीत कोण राहते, हे दगड घेऊन आलेल्याला तो रंगच सांगतो. म्हणून भित्तिचित्रे, पुतळे, शहीद स्मारके आणि नामफलक यांचा विचार आपण जयंतीच्या तयारीपुरता ठेवून चालणार नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. भिंत दोन कामे करते. एक, "ही हद्द आमची" असे सांगते. दोन, "आमच्यावर हे घडले, आम्ही हे घडवले" याची नोंद ठेवते. पहिल्या कामाला रंगाचा डबा पुरतो. दुसऱ्या कामाला नावे, तारखा आणि खरेपणा लागतो. आंबेडकरी चळवळीची भिंत दुसऱ्या कामासाठी उभी राहिली. ती पहिल्या कामाकडे घसरू लागली, तर त्यात नुकसान आपलेच आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये काय घडले

जगात या विषयावर सर्वात जास्त बोलले जाते ते उत्तर आयर्लंडबद्दल. तिथे ब्रिटनशी एकनिष्ठ प्रोटेस्टंट आणि आयर्लंडशी नाते सांगणारे कॅथलिक अशी समाजाची फाळणी आहे. बेलफास्टमध्ये प्रोटेस्टंटांनी १९०८ पासूनच राजा विल्यमची चित्रे भिंतींवर काढायला सुरुवात केली. रस्ता, मिरवणूक आणि सत्ता त्यांच्याकडे होती, म्हणून भिंतही त्यांचीच होती. कॅथलिक वस्त्यांत भित्तिचित्रांची लाट आली ती बऱ्याच उशिरा, १९८१ च्या तुरुंगातील उपोषणानंतर. त्या उपोषणात बॉबी सँड्ससह दहा कैदी मरण पावले.

डेरी शहराची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. घरे, नोकऱ्या आणि मताचा समान अधिकार यांसाठी तिथे नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यापासून तिने प्रेरणा घेतली होती. त्याच लढ्याच्या पुढच्या पिढीकडे पाहून १९७२ मध्ये आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी ३० जानेवारीला डेरीत मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. १३ जण त्या दिवशी मेले, आणखी एक जखमी नंतर गेला. पहिल्या सरकारी चौकशीने सैनिकांना जवळजवळ निर्दोष ठरवले.

वस्तीने मेलेल्यांची नावे दगडावर कोरली. दरवर्षी त्याच रस्त्याने मोर्चा निघाला. त्या प्रसंगाची चित्रे घरांच्या भिंतींवर आली. कुटुंबांनी दुसऱ्या चौकशीची मागणी सोडली नाही. अखेर २०१० मध्ये नव्या चौकशीचा अहवाल आला, मृत निरपराध होते हे मान्य झाले आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. मध्ये ३८ वर्षे गेली. माफी काही चित्राने मिळवून दिली नाही, ती कुटुंबांच्या चिवटपणाने मिळाली. पण ३८ वर्षे त्या वस्तीतल्या मुलाला नावे माहीत राहिली, ती त्या दगडामुळे आणि त्या भिंतींमुळे.

त्याच देशात दुसरी बाजूही आहे. काही भिंतींवर बुरखेधारी बंदूकधारी रंगवले गेले. त्यांचा अर्थ एवढाच होता की परक्याने इथे पाऊल ठेवू नये. दोन वस्त्यांमध्ये उंच 'शांतता भिंती' उभ्या राहिल्या. १९९८ चा शांतता करार होऊन पाव शतक उलटले तरी त्यातल्या अनेक अजून उभ्या आहेत. पुढे सरकारी पैशाने काही धमकीची चित्रे बदलण्यात आली. जी चित्रे स्थानिकांना विचारून बदलली, ती टिकण्याची शक्यता जास्त असते, हे कोणत्याही वस्तीत काम केलेल्या कार्यकर्त्याला वेगळे सांगायला नको.

आपली भिंत वेगळी का आहे

उत्तर आयर्लंडची तुलना जशीच्या तशी आपल्याला लागू होत नाही. तिथे दोन समाज रस्त्यासाठी भांडत होते. आपल्या आजोबा-पणजोबांना रस्त्यावर, पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर उभे राहण्याचाच हक्क नव्हता. महाडचे पाणी १९२७ चे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावतीत वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. ज्यांना चौकात उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या नेत्याचा पुतळा चौकात उभा राहिला, हाच मोठा बदल होता. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी बाबासाहेबांच्या हयातीतच त्यांचा पुतळा बसला, शेजारी महात्मा फुले. अकोल्यात आज मोर्चा म्हटले की पाय आपोआप अशोक वाटिकेकडे वळतात, त्यामागे हाच इतिहास आहे.

म्हणूनच हल्ला होतो तो याच खुणांवर. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. २००९ मध्ये न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. डिसेंबर २०१७ मध्ये वढू बुद्रुक येथे गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीजवळच्या फलकावरून वाद पेटला आणि काही दिवसांतच १ जानेवारीला भीमा कोरेगावला हिंसाचार झाला. मार्च २०२४ मध्ये आपल्याच अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या पांढरी खानमपूरमध्ये प्रवेशद्वाराला बाबासाहेबांचे नाव देण्यावरून वाद इतका वाढला की बौद्ध कुटुंबे गाव सोडून बाहेर पडली. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, पोलिसांनी धरपकड केली आणि अटकेतल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला.

या घटना एकाखाली एक ठेवून वाचा. सुरुवात करणाऱ्याला फार काही लागत नाही. एक चपलांचा हार, एक दगड, रात्रीची पाच मिनिटे. किंमत मात्र वस्ती चुकवते. गोळी आपल्या माणसाला लागते, गुन्हे आपल्या पोरांवर दाखल होतात, कोर्टाच्या तारखा आयांच्या वाट्याला येतात. विटंबना करणाऱ्याला नेमके हेच हवे असते. म्हणून संतापाला कायद्याची वाट माहीत असणे गरजेचे आहे.

कायदा काय सांगतो

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. कलम ३(१)(टी) नुसार अनुसूचित जाती-जमातींना पवित्र किंवा आदरणीय असलेल्या वस्तूची नासधूस किंवा विटंबना करणे हा गुन्हा आहे. 'वस्तू' या शब्दात पुतळा, छायाचित्र आणि चित्र यांचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे विहाराच्या भिंतीवरचे बाबासाहेबांचे चित्रही त्यात येते. कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही १९९० च्या दुरुस्तीनंतर हे संरक्षण आहे. फिर्यादीसाठी जातीचा दाखला तेवढा हाताशी ठेवावा.

दुसरी बाजूही माहीत हवी. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ अशा जागी नवे पुतळे बसवण्यास परवानगी देऊ नये असे राज्यांना बजावले आहे. सार्वजनिक मालमत्तेवर परवानगीशिवाय रंगकाम केले तर १९९५ चा विद्रूपण प्रतिबंधक कायदा लागू शकतो. रातोरात उभा केलेला पुतळा प्रशासन उचलते आणि तणाव आपल्या दारात येतो. परवानगीचा कागद पाठीशी असला की ही वेळच येत नाही.

मंडळांनी काय करावे

१. जागा स्वतःची घ्यावी: विहार, समाजभवन किंवा घरमालकाची लेखी संमती असलेली भिंत.

२. चित्र पूर्ण झाल्यावर तारखेसह फोटो काढून ठेवावेत. नुकसान झाले तर आधीची स्थिती दाखवता येते.

३. विटंबना दिसली तर आधी फोटो, व्हिडिओ आणि पोलिसांना फोन. पंचनामा होईपर्यंत कुणी हात लावू नये. ज्येष्ठ स्त्री-पुरुषांनी तिथे बसून राहावे. फिर्यादीची प्रत घ्यावी. फोटो ग्रुपवर फिरवण्याआधी वकिलाला पाठवावा.

४. एका भिंतीवर एक घटना रंगवावी, तारखेसह. नामांतराचा लढा रंगवताना २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार यांच्यामधली सोळा वर्षे दाखवावीत. त्यात जीव गेलेल्यांची नावे लिहावीत. अमरावतीची १९२७ ची परिषद वऱ्हाडातल्या किती भिंतींवर आहे?

५. फ्लेक्सवर स्थानिक नेत्यांचे चेहरे बाबासाहेबांपेक्षा मोठे होत चालले आहेत. हे थांबवणे मंडळांच्याच हातात आहे.

६. दोन मोहल्ल्यांच्या सीमेवर भिंत असेल तर तिथे संविधानाची उद्देशिका लिहावी, मराठीत, आणि शेजारची माणसे तयार असतील तर उर्दूतही. ती वाचणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मुलाला त्यात स्वतःचा हक्क सापडतो.

डेरीत एक भित्तिचित्र आहे. १९७१ मध्ये गोळीबारात मेलेली चौदा वर्षांची शाळकरी मुलगी, बाजूला बंदूक, वर फुलपाखरू. चित्रकारांनी ते फुलपाखरू आधी बिनरंगाचे ठेवले. शांतता खरोखर रुजते आहे असे वाटल्यावर, काही वर्षांनी, त्यात रंग भरला आणि बंदूक मोडलेली दाखवली. भिंत अशी जिवंत ठेवता येते. काय मिळाले आणि काय मिळायचे आहे, याचा हिशेब तिच्यावर मांडता येतो.

येत्या १४ एप्रिलला रंगाचा डबा उघडण्याआधी वस्तीतल्या सर्वात वयस्कर आजीला विचारा, आपल्या गावात काय घडले होते, कोण लढले होते, कोण गेले. ती सांगेल ती नावे वहीत उतरवा, दुसऱ्या दोघांकडून खात्री करून घ्या, आणि मगच पेंटरला बोलवा. जय भीम!