तेरा गोळ्यांचं पिस्तूल

५ मे १९८०च्या संध्याकाळी ब्रिटिश सैन्याच्या एसएएस या विशेष दलाचे जवान लंडनमधल्या इराणी वकिलातीत घुसले; बंदूकधाऱ्यांनी तिथे ओलीस धरलेल्यांना सोडवायचं होतं. मुख्य शस्त्र एमपी-५ सबमशीनगन. ऐन वेळी एका जवानाची एमपी-५ चालेना आणि समोरचा बंदूकधारी तर निसटत होता. काय बिघडलंय ते बघायला सवड नव्हती. त्यानं हातातली बंदूक सोडली, पिस्तूल उपसलं आणि गोळी झाडली. कमांडो दोन शस्त्रं का बाळगतात, याचं उत्तर एवढंच आहे.

ते पिस्तूल म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवर. विशेष दलांनी वापरलेल्या पिस्तुलांत मला सर्वांत जवळचं वाटतं ते हेच.

जॉन ब्राउनिंग अमेरिकेतल्या युटाचा, बापही बंदुका घडवणारा. फ्रेंच सैन्याला जास्त गोळ्यांचं पिस्तूल हवं होतं, म्हणून बेल्जियमच्या एफएन कारखान्यानं ते काम त्याच्याकडे दिलं. १९२६च्या नोव्हेंबरात त्याच कारखान्यात काम करताना ब्राउनिंग गेला. अर्धवट राहिलेलं पिस्तूल पुरं केलं दिउदोने सैव्ह या बेल्जियन माणसानं. काडतुसं दोन रांगांत, एकाआड एक बसवणारं मॅगझिन त्याचंच. १९३५ साली बेल्जियमच्या सैन्यानं ते स्वीकारलं. फ्रेंचांनी घेतलंच नाही. नाव मात्र ब्राउनिंगचं लागलं. सैव्हच्या वाट्याला इतकं कमी श्रेय यावं, याची मला खरोखर हळहळ वाटते.

तेरा काडतुसं पोटात घेऊनही त्याची मूठ हातात नीट मावते. गोळी सुटली की नळी आणि वरची स्लाइड एकमेकींत अडकलेल्याच थोड्या मागे सरकतात. तेवढ्यात आतला दाब उतरतो. मग नळीची मागची बाजू खाली झुकते, तिचे कंगोरे स्लाइडच्या खाचांतून सुटतात आणि स्लाइड एकटीच मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकते. परतताना नवं काडतूस नळीत ढकलते. खोडीही आहेत. मॅगझिन काढलं की चाप चालू नये म्हणून आत एक खटका आहे; त्यापायी चाप खरखरीत लागतो. मागे येणारा घोडा कधी कधी अंगठ्याजवळच्या कातडीला चावतो.

१९४०मध्ये जर्मनांनी कारखाना ताब्यात घेतला आणि हीच पिस्तुलं जर्मन सैन्यासाठी बनू लागली. पुढे टोरांटोच्या इंग्लिस कंपनीनं ती चीन आणि दोस्तांसाठी बनवली. एकाच युद्धात दोन्हीकडच्या सैनिकांच्या कमरेला एकच पिस्तूल! पश्चिम बंगालच्या ईशापूर रायफल कारखान्यातलं आपल्या लष्कराचं ९ मिमी पिस्तूल याच टोरांटोच्या घराण्यातलं.

एसएएसनं नंतर सिग पी-२२६ घेतलं, आणि २०१३मध्ये ब्रिटिश सैन्यानं ग्लॉक-१७ निवडलं. ग्लॉक वजनाला हलकं, त्यात सतरा गोळ्या, आणि अंगठ्यानं घोडा चढवण्याची कटकट नाही. निर्णय योग्यच होता.

त्या वकिलातीत आणखी एक हातशस्त्र होतं. ओलिसांमध्ये ट्रेव्हर लॉक नावाचा पोलीस शिपाई होता. त्याच्या कोटाखालचं रिव्हॉल्व्हर अपहरणकर्त्यांना सापडलंच नव्हतं. ते दिसू नये म्हणून त्यानं सहा दिवस अंगातून कोट उतरवला नाही. हल्ला सुरू होताच लॉक त्यांच्या म्होरक्याला भिडला, रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. पण गोळी झाडली नाही. जवानांनी लॉकला बाजूला ओढलं आणि म्होरक्या त्यांच्या गोळ्यांनी पडला.