चळवळीचा पक्ष होतो तेव्हा



१९८० साली नाशिक भागात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने उसाला टनामागे ३०० रुपये मागितले. रस्त्यावर सगळ्याच पक्षांचे शेतकरी बसले, कारण मागणी एकच, भावाची. पण लेव्ही, झोनबंदी, निर्यातबंदी ही ठरत होती सरकारात. म्हणून १९९४ साली याच चळवळीतून स्वतंत्र भारत पक्ष निघाला.

मेख इथेच आहे. आंदोलनात कोणी कोणाचा पक्ष विचारीत नाही. मत मागताना मात्र ‘जुना पक्ष सोडा’ म्हणावे लागते. मोर्चाची गर्दी मतपेटीत उतरतेच असे नाही. पक्षाला जागा थोड्याच मिळाल्या. २००४ साली राजुऱ्यातून वामनराव चटप निवडून आले.

सेवाग्रामला हा पेच जुनाच. काँग्रेस विसर्जित करून लोकसेवक संघ व्हावा, असे गांधीजींनी २९ जानेवारी १९४८ रोजी लिहून ठेवले. मार्चमध्ये सेवाग्रामला कार्यकर्ते जमले आणि सत्तेबाहेर राहणारा सर्वोदय समाज निघाला. सत्तेबाहेर राहिले की कायदा दुसरेच करतात; आत गेले की माणसे वाटली जातात.

आम्हांला वाटते, मत ज्याने त्याने आपल्या मनाने द्यावे. उसाच्या भावाचा हिशेब मागताना मात्र सगळ्यांनी एकाच सतरंजीवर बसावे.