वेळ अमावस्येचे ताट आणि आपली तब्येत

मार्गशीर्ष संपत आला की लातूर जिल्ह्यात एक दिवस असा उजाडतो की गावे ओस पडतात आणि शेते माणसांनी फुलतात. दुकाने बंद, दवाखान्यातही शुकशुकाट! हा दिवस वेळ अमावस्येचा, आपल्या बोलीत येळवसीचा. गेल्या येळवसीला एका जुन्या पेशंटच्या आग्रहावरून किल्लारीच्या शिवारात जाणे झाले. शेतात कडब्याची कोप उभी होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, पूजेला मांडले होते. घरच्या बाईंनी डोक्यावरून आंबिलाचे मडके आणले. पूजा झाल्यावर उभ्या पिकात आंबील शिंपडून मग पंगत बसली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने हे गाव जमीनदोस्त झाले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंतींची जुनी घरे संपली आणि नवे किल्लारी दुसऱ्या जागी वसले. गाव हलले, पण शेत हलले नाही; म्हणून शेतातली ही रीत टिकली. आम्हा डॉक्टर मंडळींना तिचे महत्त्व वाटते ते तिच्या ताटामुळे.

ताटात काय असते?

बाजरीचे उंडे, आंबील, भज्जी, गव्हाची खीर आणि भाकरी. भज्जी म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा, पावटा यांचे ओले दाणे, पालेभाज्या, कांद्याची पात, चिंच आणि बेसन यांची एकत्र शिजवलेली भाजी. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी असतो, तो कडधान्यांत भरपूर असतो. कडधान्यांत जे कमी, ते धान्यात मिळते. म्हणून उंडे आणि भज्जी एकत्र खाल्ली की शरीराला चांगल्या प्रतीची प्रथिने मिळतात.

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, बाजरीत त्याहून थोडे अधिक. पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमही नसतात. तंतूंमुळे पोट साफ राहते आणि जेवणानंतरची साखर सावकाश वाढते. बाजरीत लोहही चांगले असते. चिंचेची आंबटी आणि पाल्यातले 'क' जीवनसत्त्व ते लोह रक्तात घ्यायला मदत करतात. आंबील ताकात ज्वारीचे पीठ आंबवून करतात. आंबवल्याने लोहाला अडवणारा धान्यातला घटक कमी होतो. शिवाय दिवसभर उन्हात राहणाऱ्याच्या अंगातले पाणी आणि मीठ भरून निघते.

ग्रीसमधील धडा

हे केवळ आपल्याकडचे नाही. १९५८ साली अॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सात देशांतील पुरुषांच्या आहाराचा आणि हृदयविकाराचा अभ्यास सुरू झाला. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरील खेडूतांमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण फारच कमी आढळले. त्यांचे जेवण साधे होते: रोटी, कडधान्ये, रानातला पाला, फळे आणि ऑलिव्हचे तेल. जोडीला डोंगरातले चालणे आणि कष्ट होते. पुढे तिथेही खाणे बदलले, कष्ट घटले आणि लठ्ठपणा वाढला. नुसती रीत पाळून भागत नाही, रोजचे ताटही सांभाळावे लागते.

आपलीही गत तीच होत आहे. वर्षातून एक दिवस उंडे-भज्जी, उरलेले दिवस चहा-बिस्किटे, तळलेले पदार्थ आणि रेशनचा पांढरा भात. शेतापर्यंत जायला मोटारसायकल. मग पन्नाशीच्या आतच रक्तदाब आणि मधुमेहाची चिठ्ठी हातात पडते.

त्या दिवशी घ्यायची काळजी

१. आंबील मातीच्या मडक्यात किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवावे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवल्यास तांबे उतरते, उलट्या होतात.

२. मधुमेही व्यक्तींनी गोळ्या किंवा इन्सुलिन चुकवू नये. खीर चवीपुरतीच घ्यावी. गूळ 'नैसर्गिक' असला तरी रक्तातली साखर वाढवतोच.

३. रक्तदाब असणाऱ्यांनी आंबिलात मीठ बेताचे टाकावे. दिवसभरात सगळे मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे.

४. नुकतीच फवारणी झालेल्या पिकाचा पाला किंवा घाटे तोडून खाऊ नयेत; मुलांवर लक्ष ठेवावे. एरवीही भाजी स्वच्छ पाण्याने धुऊनच वापरावी.

५. ज्यांना कडधान्याने पोट फुगते त्यांनी भज्जी थोडी-थोडी, चावून खावी. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावे.

भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. शहरात आता ज्वारी-बाजरी महागड्या पाकिटांतून विकली जाते. आपल्याकडे ती घरच्या कणगीत आहे. भूकंपात घर गेलेल्या माणसांनी येळवस सोडली नाही. आपण निदान एवढे करू: आठवड्यातून चार दिवस ज्वारी-बाजरीची भाकरी, रोज एक कडधान्य, रोज एक पालेभाजी आणि अर्धा तास चालणे. पाच पांडवांची पूजा वर्षातून एकदा होते, पोटाची पूजा रोजची असते. ती विचारपूर्वक केली तर दवाखान्याच्या फेऱ्या नक्की कमी होतील.