ब्रेक दाबला, तरी गाडी पुढेच!

देवगडचा खारा वारा खिडकीचे गज कसा खातो, हे तुम्ही पाहिले असेल. तोच वारा गाडीच्या ब्रेकमध्ये कशी ढवळाढवळ करतो, ते आज पाहू.

आमचे शेजारी आंबा बागायतदार आहेत. चारही चाकांना जोर देणारी एक जुनी जीपगाडी त्यांच्याकडे आहे. ऐन मोसमात उतारावरून सावकाश येत, थांबायच्या बेतात त्यांनी ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरले आणि गाडी हातभर पुढे जाऊन आंब्याच्या पेट्यांना टेकली. पेट्यांच्या जागी एखादे पोर असते तर? ब्रेक तर शाबूत होते. मग घडले काय?

या गाडीला अँटी-लॉक ब्रेक आहेत. नीट फिरणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग घसरत नाही, म्हणून तेथे स्थितिक घर्षण मिळते. चाक अडकून घसरू लागले की गतिज घर्षण उरते, ते कमी असते. शिवाय घसरणारे चाक स्टिअरिंगला जुमानत नाही. म्हणून चाक अडकताच ही यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते, सेकंदात अनेक वेळा.

पण चाक अडकले, हे तिला कळते कसे? चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. त्याच्यासमोर, सुमारे एक मिलिमीटर अंतरावर, चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. दाते सरकतात तशा वेटोळ्यातील चुंबकीय बलरेषा कमीजास्त होतात आणि विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेले हेच ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन! सायकलचा जुना डायनॅमो आठवा. सायकल हळू चालवली की दिवा मिणमिणतो. तसेच येथेही वेग कमी, तर दाब कमी.

आता गंजाकडे वळू. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. संवेदकाच्या बैठकीखाली तो साचला की संवेदक वर उचलला जातो, अंतर वाढते आणि संकेत क्षीण होतो. वेगात हे जाणवत नाही. गाडी मंदावली की मात्र त्या एका चाकाचा संकेत आधी नाहीसा होतो. यंत्रणेला वाटते, चाक अडकले! ती इमानाने ब्रेक सोडते, आणि तेही नेमके थांबायच्या क्षणी.

अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. तेथे याच दोषामुळे जनरल मोटर्सने २००५ साली सुमारे आठ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ताशी ६ ते १६ किलोमीटर वेगाला त्यांचे ब्रेक असे सुटत. नव्या गाड्यांतील बहुतेक संवेदक हळू वेगातही पुरेसा संकेत देतात. हे दुखणे मुख्यतः जुन्यांचे.

आपल्या लष्कराने वर्षानुवर्षे वापरलेल्या जिप्सीला ही यंत्रणाच नव्हती. तेव्हा निसरड्यावर ब्रेक दाबत-सोडत थांबण्याचे काम चालकाचा पाय करी. एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिला, तर आजही तेच करावे लागते, कारण साधे ब्रेक चालू असले तरी चाक अडकू शकते. लाल दिवाही लागला, तर गाडी पुढे नेऊच नये.

शेजाऱ्यांच्या गाडीत मात्र कोणताच दिवा लागला नव्हता. यंत्रणेच्या मते दोष चाकाचा होता, तिचा नव्हे! मेकॅनिकने फ्यूज काढून टाकण्याचा सोपा उपाय सुचवला; तो त्यांनी मानला नाही. संवेदक काढला, तर खाली गंजाचा पापुद्रा होता. तारेच्या ब्रशने बैठक घासली, गंजरोधक लेप दिला, संवेदक पुन्हा बसवला. मग त्याच उतारावर, पेट्या हलवून, आम्ही तीनदा ब्रेक लावून पाहिला. पेडल थरथरले नाही.