१८४ आणि १८१

व्यापारी जहाजावरील खलाशाची नोकरी करारांनी बांधलेली असते, आणि करार संपवून जहाज सोडण्याच्या क्रियेला या व्यवसायात ‘साइन-ऑफ’ म्हणतात. बदली माणूस जहाजावर चढला आणि सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या सागरी सेवेची नोंद ठेवणाऱ्या पुस्तिकेत, उतरण्याची तारीख पडून कप्तानाची सही झाली की हे काम कागदोपत्री एका दिवसात पुरे होते. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना लागणाऱ्या पहिल्याच स्थानकावर, शहाडला, त्या खलाशाचे घर असेल, तर तेथे परतण्याचे काम या सहीनंतर सुरू होते, आणि त्याचा मोठा भार घरीच राहिलेल्या माणसांवर पडतो.

या कामाकडे लक्ष वेधले गेले ते एका आकड्यामुळे. शहाडमधील एका मोटरमनच्या घरी (जहाजावरचा मोटरमन गाडी चालवत नाही, तो इंजिनखोलीत अभियंत्याच्या हाताखाली पाळी करतो) भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘१८४’ हा आकडा लाल शाईने लिहिलेला दिसतो. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती प्राप्तिकराच्या दृष्टीने निवासी ठरते. म्हणून अनिवासी राहू इच्छिणाऱ्या खलाशाला ३६५ दिवसांच्या वर्षात किमान १८४ दिवस देशाबाहेर भरावे लागतात, आणि आंतरराष्ट्रीय फेरीवर हे दिवस सीडीसीतील चढण्या-उतरण्याच्या तारखांवरून धरले जातात. मोटरमनच्या पत्नीने या आकड्याची दुसरी बाजू एका वाक्यात सांगितली : “यांचे १८४ भरले, की आमच्या वाट्याला फार तर १८१ येतात.” कायदा गैरहजेरी मोजतो आणि घर हजेरी मोजते, हे यापेक्षा नेमके सांगणे कठीण आहे.

ही १८१ची मर्यादाही पुरती वाट्याला येतेच असे नाही. सागरी कामगारांसाठीच्या २००६च्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यानुसार जहाजावरील सलग सेवा बारा महिन्यांच्या आतच संपली पाहिजे आणि मालकाने स्वखर्चाने खलाशाला घरी पोहोचवले पाहिजे. तरीही २०२०च्या साथीत बंदरे आणि विमानसेवा बंद पडल्या, तेव्हा जगभरात सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते, आणि त्यांच्या घरी कॅलेंडरची पाने नुसती उलटत राहिली होती.

विमान, टॅक्सी आणि सामान यांचे टप्पे ठरलेले असतात. गाडी शहाडला पोहोचते तेव्हा माणसाला घराची खूण पटते ती वासाने. येथे व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला कृत्रिम धागा, तयार होतो; या प्रक्रियेत कार्बन डायसल्फाइड वापरतात आणि धागा आम्लाच्या कुंडातून ओढताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो, ज्याचा वास कुजलेल्या अंड्यासारखा असतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मोटरमन मात्र काच खाली करतो, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे कोणत्याही बंदरात हा वास आला की त्याला आधी घर आठवते. उंबरठ्यावर सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात. बॅगेतल्या बॉयलर सूटचा डिझेलचा वास मात्र तीन धुण्यांनंतरही जात नाही.

शरीर सर्वांत उशिरा परतते. इंजिनखोलीत चार तास काम आणि आठ तास विश्रांती अशी पाळी चालते. बारा ते चारच्या पाळीची सवय जडलेला माणूस घरीही मध्यरात्री उठून बसतो, आणि इंजिनाची घरघर नसलेली शांतता सहन होईना म्हणून पंखा पूर्ण वेगात ठेवतो. कसारा मार्गावरून रात्री धडधडत जाणाऱ्या गाड्या इतरांची झोप मोडतात. त्याला त्याच आवाजात डोळा लागतो.

जहाज सोडताना बदली माणसासाठी कामाची लेखी टिपणे ठेवण्याची पद्धत आहे : कोणता पंप गळतो, कोणती झडप अडते. घरी अशी टिपणे कोणी देत नाही, पण या घरात एक वही आहे. गॅसची नोंदणी, दूधवाल्याचे खाडे, सोसायटीचा देखभाल खर्च, शाळेची फी, कर्जाचा हप्ता असे सारे पत्नीने तारखांसह त्यात लिहिले आहे, कारण तिच्या १८४ दिवसांत घराची पाळी तिने एकटीने केली. तिसऱ्या रात्री बाराच्या सुमारास मोटरमनने ती वही वाचायला घेतली, तेव्हा ती म्हणाली, “वाचा, पण लगेच काही बदलू नका.” या सूचनेत राग नव्हता, चालत्या यंत्राला न समजता हात लावू नये, हा इंजिनखोलीतलाच नियम तिने सांगितला होता. परदेशाहून आणलेल्या भेटवस्तूंची चर्चा आळीभर होते, पण परतणाऱ्या माणसाला आपल्या गैरहजेरीत नीट चाललेल्या घरात जागा शोधावी लागते आणि घराला ती करून द्यावी लागते, याची दखल क्वचितच घेतली जाते.

दहाव्या दिवशी वहीत वेगळ्या अक्षरात एक नोंद दिसते : दूध, एक लिटर जास्त. कॅलेंडरवरचे १८४ तसेच आहेत. त्यांच्याखाली पत्नीने पेन्सिलीने १७१ लिहिले आहे.