घरची लेन सोपी, स्पर्धेची अवघड का?

घरच्या सेंटरवर २०० गुणांची सरासरी राखणारा बोलर स्पर्धेत १६०-१७० गुणांवर अडखळतो, तेव्हा दोष बहुधा दडपणाला दिला जातो. खरे कारण अनेकदा लेनवरील, डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या तेलात असते.

टेनपिन बोलिंगमध्ये फाऊल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट असते. त्यातील साधारण ४० फुटांवर यंत्राने तेलाचा पातळ थर दिला जातो. तेलावर चेंडू घसरतो, कोरड्या भागात वळतो.

नेहमीच्या लेनवर मध्यभागी भरपूर आणि कडांना अगदी कमी तेल असते. हे प्रमाण अनेकदा दहास एक इतके असते. चेंडू कडेकडे भरकटला, तर कोरडा भाग त्याला आत वळवतो. मध्याकडे गेला, तर तेल त्याला सरळ ठेवते. दोन्ही चुका झाकल्या जातात. अमेरिकेच्या बोलिंग नियामक संस्थेच्या 'स्पोर्ट' निकषानुसार मात्र हे प्रमाण तीनास एकपेक्षा अधिक नसते. साहजिकच चुकलेल्या चेंडूला आधार उरत नाही. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे, तर पाटा आणि हिरव्या खेळपट्टीत असतो तसा हा फरक आहे.

शिवाय प्रत्येक चेंडू थोडे तेल वाहून नेतो. त्यामुळे पहिल्या गेममधील दिशा तिसऱ्यात चालेलच असे नाही. स्ट्राइक दुर्मिळ झाले की अचूक स्पेअरच डाव सावरतात.

म्हणूनच घरची सरासरी हे कौशल्याचे पूर्ण माप नव्हे. स्पर्धेतील घसरण ही अधोगती न मानता अवघड लेनवर सराव वाढवणे, हाच त्यावरचा उपाय.