केटबाईंचं घर आणि पाव किलोमीटरचा अर्ज

मैत्रिणींनो, ठरावावर सह्या गोळा करायला किती चपला झिजतात ते तुम्हाला सांगायला नको. कोणी शेतावर, कोणी बाजाराला, कोणी म्हणते, "ह्यांना विचारून सांगते." आणि १८९३ साली न्यूझीलंड देशात जवळजवळ ३२ हजार बायकांच्या सह्या जमल्या. मागणी एकच, आम्हालाही मत देऊ द्या. या कामात पुढे होत्या केट शेपर्ड. भाषणं, पत्रकं हे सगळं त्यांनी केलंच, पण आज आपण त्यांच्या घरात डोकावू.

न्यूझीलंड तेव्हा इंग्रजांच्या राज्यात होतं. माओरी लोकांच्या त्या भूमीवर विलायतेतून माणसं कायमची राहायला येत होती. केटबाई त्यांच्यातल्याच. वडील १८६२ मध्ये वारले. पुढे आई मुलांना घेऊन बोटीत बसली आणि १८६९ मध्ये लिटलटन बंदरात उतरली. जवळच्या ख्राइस्टचर्च गावात थोरल्या बहिणीचं सासर होतं, तिच्या आधाराने ही मंडळी तिथेच स्थिरावली. १८७१ मध्ये केटबाईंचं लग्न वॉल्टर शेपर्ड या दुकानदाराशी झालं. मूल झालं ते नऊ वर्षांनी, डग्लस, एकुलता एक.

तेव्हाचा कायदा ऐकून घ्या. लग्न झालेल्या बाईने चार पैसे कमावले तरी ते नवऱ्याचे. हा कायदा तिथे १८८४ मध्ये बदलला, म्हणजे केटबाईंच्या संसाराची पहिली तेरा वर्षं अशीच गेली. आपल्या नावाचं पासबुक कपाटातून काढाल तेव्हा हे जरूर आठवा.

मताकडे त्या वळल्या दारूमुळे. १८८५ मध्ये त्या दारूविरोधी महिला संघटनेत गेल्या. लहान मुलांना दारू विकू नका, गुत्त्यात मुलींना कामाला ठेवू नका, असा अर्ज बायकांनी सरकारदरबारी दिला. तो फेटाळला गेला. ज्यांना मतच नाही, त्यांचं कोण ऐकणार? ज्यांनी आपल्या गावात आडवी बाटलीसाठी मतदान केलंय त्यांना हे लगेच उमजेल.

मग सह्यांची मोहीम निघाली. १८९१ मध्ये नऊ हजारांवर सह्या, पुढच्या वर्षी वीस हजारांच्या जवळपास, तरी कायदा झाला नाही. १८९३ मध्ये गावोगावच्या बायकांनी सह्यांचे कागद केटबाईंकडे पाठवले. त्यांनी ते घरात बसून एकाला एक चिकटवले आणि केरसुणीच्या दांड्याला गुंडाळले. गुंडाळी भरली २७० मीटरच्या वर! सर जॉन हॉल या सभासदांनी ती संसदेत उलगडली, तेव्हा कागद सभागृहभर पसरत गेला. वरच्या सभागृहात कायदा फक्त दोन मतांनी वाचला, २० विरुद्ध १८. १९ सप्टेंबर १८९३ ला गव्हर्नरची सही झाली. माओरी बायकांनाही मत मिळालं.

हे सगळं करताना डग्लस बारा वर्षांचा होता. घर खाऊनपिऊन सुखी आणि मूल एकच, म्हणून केटबाईंना हे जमलं, असं कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण खाऊनपिऊन सुखी बायका तेव्हाही पुष्कळ होत्या. (केटबाई सायकलही चालवत, बायकांच्या सायकल क्लबात होत्या.)

संसार मात्र पुढे विस्कटला. नवरा आणि मुलगा इंग्लंडला गेले. केटबाईही गेल्या, पण १९०४ मध्ये परतल्या आणि चळवळीतल्या मैत्रिणीच्या, जेनी लोवेल-स्मिथच्या घरी राहू लागल्या. जेनीला दहा मुलं आणि नवरा विल्यम छापखानेवाला, चळवळीची छपाई करणारा. लोक काय बोलले असतील ते तुम्ही ओळखाल. डग्लस १९१० मध्ये गेला, वॉल्टर १९१५ मध्ये. जेनीही १९२४ मध्ये गेली. पुढच्या वर्षी सत्तरी ओलांडलेल्या केटबाईंनी विल्यमशी लग्न केलं. तोही चार वर्षांनी गेला. १९३० मध्ये एकुलती नात क्षयाने वारली.

त्या सह्यांचं महत्त्व आपल्याकडच्या एका गोष्टीवरून कळतं. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीची यादी करताना कित्येक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच लिहून दिलं. त्यामुळे सुमारे २८ लाख नावं यादीतून वगळावी लागली. केटबाईंच्या गुंडाळीत हजारो बायकांच्या सह्या होत्या.

मत मिळालं तरी निवडणुकीला उभं राहायला न्यूझीलंडच्या बायकांना १९१९ पर्यंत थांबावं लागलं आणि निवडून यायला १९३३ पर्यंत. एलिझाबेथ मॅककोम्ब्स ही पहिली महिला खासदार. केटबाई पुढच्याच वर्षी वारल्या, पण तो निकाल त्यांच्या हयातीत लागला. मतदारसंघ होता लिटलटन.